मशागत आणि राखण

एदेन बागेत देवाने मनुष्याला ठेवले ते दोन कामांसाठी, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात (2:15) सांगितले आहे. त्याने बागेची मशागत करावी आणि बागेची राखण करावी. पहिल्या कामाविषयी आपण उपदेशांतून पुष्कळ ऐकतो. श्रम हे देवाचे देणे आहे, आळशाने मुंगीकडे जाऊन शिकावे, ज्याला काम नको त्याने खाऊही नये, हे आपल्या पाठ झालेले आहे. दुसऱ्या कामाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. राखण म्हणजे काय हे सर्वांना ठाऊकच आहे, असे आपण धरून चालतो. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभारायचा, गोफण घेऊन वर बसायचे आणि पाखरे हाकायची, ही आपल्या ओळखीची राखण.

परंतु एदेनात ही राखण लागू पडत नाही. तेथे चोर नव्हता, टोळधाड नव्हती. पाखरे आदामाकडे आणली गेली ती हाकून लावण्यासाठी नव्हे, तर त्याने त्यांना नावे द्यावी म्हणून (उत्पत्ति 2:19). मग आदामाने बाग राखायची ती कोणापासून?

हा प्रश्न मला अभ्यासाच्या खोलीत पडला नाही. तो एका चुकीमुळे पडला, आणि ती चूक माझी स्वतःची होती.

आमच्या मंदिराच्या पुढच्या पडवीच्या कमानीत पाकोळ्यांची वसाहत होती. पाकोळी म्हणजे ती काळसर, विळ्यासारख्या पंखांची, सतत उडत राहणारी लहान पाखरे. पिसे आणि काड्या थुंकीने चिकटवून ती छताला गोळा घरटी करतात. माझ्या वडिलांच्या लहानपणीही ती तेथे होती असे ते सांगत. मंडळीच्या वर्धापनदिनापूर्वी मंदिराला रंग द्यायचे ठरले. पायऱ्यांवर विष्ठा पडते, पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही, अशी तक्रार होतीच. देखरेख माझ्याकडे होती. रंगाऱ्याने शिडीवरून विचारले, "साहेब, ही घरटी काढू ना?" मी हातातल्या हिशेबाच्या वहीतून डोके वर न काढता म्हणालो, "काढा, सगळे स्वच्छ करा." तो एप्रिलचा महिना होता. घरट्यांत पिले होती. मंदिर झाडणाऱ्या मावशींनी ती सुपात गोळा केली, कापसाने पाणी पाजून पाहिले. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांतले एकही राहिले नाही. पुढच्या रविवारी उपदेश कशावर झाला हे मला आठवत नाही. नव्या रंगाच्या कमानीभोवती घिरट्या घालणाऱ्या पाखरांची किरकिर मात्र आठवते. ती सबंध उपासनाभर ऐकू येत होती.

एका बंधूंनी माझी समजूत घातली. "पाखरेच ती. जगात माणसे उपाशी मरतात, आणि तुम्ही हे काय मनाला लावून घेता?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधताना मला ज्या मनुष्याची मदत झाली, त्याची आणि त्याच्या बागेची ओळख वाचकांना करून द्यावीशी वाटते.

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात सेल्बर्न नावाचे खेडे आहे. त्या गावात 18 जुलै 1720 रोजी गिल्बर्ट व्हाइट जन्मला. त्याचे आजोबा त्या गावचे पाळक होते. हा स्वतः ऑक्सफर्डला शिकला, त्याला दीक्षा मिळाली, पण तो सेल्बर्नचा मुख्य पाळक कधीच झाला नाही. ती नेमणूक ज्या कॉलेजच्या हाती होती त्या कॉलेजचा तो नव्हता. आसपासच्या मंडळ्यांत आणि शेवटची काही वर्षे आपल्याच गावी त्याने साहाय्यक पाळक म्हणून सेवा केली. तो अविवाहित राहिला. आयुष्याचा बहुतेक काळ तो गावातल्या 'द वेक्स' या घरात राहिला आणि 26 जून 1793 रोजी वारला. जगाच्या दृष्टीने ही काही मोठी कारकीर्द नव्हे. परंतु 1789 साल छापलेला त्याच्या पत्रांचा ग्रंथ, सेल्बर्नचा निसर्गेतिहास, आजवर सतत छापला जात आहे, आणि 1955 पासून ते घर लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.

व्हाइटची सुरुवात मशागतीने झाली. 1751 साली त्याने बागेची नोंदवही लिहावयास घेतली. आज काय पेरले, कोणता वाफा तयार केला, लिदीचे खत किती गाड्या आणले, अशा त्या नोंदी आहेत. खरबुजांचा त्याला मोठा छंद. इंग्लंडच्या थंडीत खरबूज पिकवायचे म्हणजे ताज्या खताच्या उबेवर वाफा करायचा, वर काच घालायची आणि रात्री जागून पांघरूण घालायचे. ही सर्व खटपट 'मी काय केले' याची होती.

1768 पासून त्याने दुसऱ्या तऱ्हेची रोजनिशी धरली आणि मरेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ती सोडली नाही. तिच्यात काकडी-खरबूज आहेतच, पण आता त्यांच्या शेजारी वारा आहे, पाऊस आहे, आणि बागेत कोण आले, कोण गेले हे आहे. 'मी काय केले' याच्या जोडीला 'येथे काय आहे' हा प्रश्न आला. माझ्या मते मशागतीच्या शेजारी राखण येऊन बसली ती येथे.

त्याच्या बागेचे वर्ष कसे सरत असे ते पाहा. एप्रिलच्या मध्याला दक्षिणेकडून निळवी येई. त्याच सुमारास बागेतले कासव मातीतून डोके वर काढी. या कासवाचे नाव टिमथी, म्हणजे आपल्या शास्त्रातला तीमथ्य. ते मूळचे त्याच्या आत्याचे. 1780 साली ती वारल्यावर व्हाइटने त्याला जमिनीतून उकरून, घोडागाडीत घालून ऐंशी मैलांवरून घरी आणले. त्याला तो दरवर्षी तोलून पाही. एकदा त्याच्या कानाशी कर्णा धरून ओरडूनही पाहिले, पण कासवाने लक्ष दिले नाही. ते मादी होते हे पुढे त्याची कवटी तपासल्यावर कळले. म्हणजे इतकी वर्षे पाहूनसुद्धा व्हाइटला आपल्या तीमथ्याविषयी ही एवढी गोष्ट ठाऊक नव्हती!

मे महिन्यात पाकोळ्या येत. व्हाइटने त्या वर्षानुवर्षे मोजल्या. गावात दरवर्षी आठच जोड्या. त्यांतल्या निम्म्या मंदिरात घरटी करीत, आणि उरलेल्या गावातल्या अगदी हलक्या, ठेंगण्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत. दरवर्षी पिले होतात, मग संख्या वाढत का नाही, हा प्रश्न त्याने विचारून ठेवला. मंदिराच्या वळचणीला पांढऱ्या घुबडांची एक जोडी असे. व्हाइट घड्याळ घेऊन बसला आणि त्याला दिसले की सुमारे दर पाच मिनिटांनी त्यांतले एक पाखरू उंदीर घेऊन येते. वळचणीखाली चढायला घुबडाला पाय मोकळे लागतात, म्हणून ते आधी मंदिराच्या छपरावर बसून उंदीर पंजातून चोचीत घेते, हेही त्याने टिपले. ज्या मंदिरात तो उपासना चालवी त्याच मंदिराविषयी तो हे लिहितो. तेथे घाण होते अशी तक्रार मला त्याच्या पुस्तकात कोठे आढळली नाही.

1783 च्या उन्हाळ्यात, 23 जूनपासून जवळजवळ महिनाभर, गावावर एक विचित्र धुके पसरले. भर दुपारी सूर्य ढगाळलेल्या चंद्रासारखा दिसे. लोक घाबरले. व्हाइटने तारखा, वारा आणि उन्हाचा गंजासारखा रंग लिहून ठेवला. आइसलंडातील लाकी ज्वालामुखी त्या जूनमध्ये फुटला होता, त्याची ती धूळ आणि वाफ, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

ऑक्टोबरपर्यंत घराच्या वळचणीच्या भिंगऱ्या निघून जात. त्या कोठे जातात याविषयी व्हाइटचे मन शेवटपर्यंत स्थिर झाले नाही. काही तरी येथेच कोठे भोकांत निजून हिवाळा काढीत असाव्यात अशी त्याला शंका होती, आणि माणसे लावून त्याने झुडपे व बिळे शोधली. ती शंका चुकीची होती. पण शोधून काही सापडले नाही हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले. नोव्हेंबरात कासव आपली माती उकरू लागे, घड्याळाच्या तासकाट्यासारखे मंद. आणि मग हिवाळा. डिसेंबर 1784 मध्ये पारा फॅरनहाइटच्या शून्याजवळ उतरला. बर्फाच्या लखलखाटाने कोंबड्या इतक्या गोंधळतात की माणसाने मदत केली नाही तर त्या मरतील, असे त्याने एका कडक हिवाळ्याविषयी लिहिले आहे.

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की हा एक भाबडा, प्राणिमात्राला न दुखवणारा साधुपुरुष असावा. तसे नाही. ओळख पटवण्यासाठी तो पाखरे मारून आणवी, तो त्या काळचा रिवाजच होता. एका तापलेल्या उन्हाळ्यात गांधीलमाश्यांनी बागेतली फळे संपवायला घेतली, तेव्हा मुलांकडून त्यांची पोळी काढवली आणि चिकट लावलेल्या काठ्यांनी हजारो माश्या पकडल्या. म्हणजे राखण याचा अर्थ 'कशालाच हात लावू नये' असा त्याने केला नाही. मलाही तो तसा करता येत नाही. घरात उंदीर झाले तर आपण पिंजरा लावतोच.

मग त्याच्यात आणि माझ्यात फरक कोणता? गांधीलमाश्या मारण्यापूर्वी त्याने त्या पाहिल्या होत्या. मी घरटी पाहिलीही नव्हती. माझी नजर वहीत होती.

येथे त्याची गांडुळांविषयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळचे माळी आणि शेतकरी दोघेही गांडुळांचा द्वेष करीत. हिरवळीवर मातीच्या गोळ्या काढून ती घाण करतात, आणि कोवळे पीक खातात, अशी समजूत. मे 1777 मधील पत्रात व्हाइटने लिहिले की हा जीव सृष्टीच्या साखळीतला दिसायला तुच्छ दुवा असला तरी तो नाहीसा झाला तर मोठी पोकळी पडेल. गांडुळे जमीन पोखरून भुसभुशीत करतात, तिच्यात हवा-पाणी जाऊ देतात, पाने व काड्या आत ओढतात. एखाद्याने यावर नीट अभ्यास करावा, असे त्याने सुचवले. शंभर वर्षांनी, 1881 साली, डार्विनने गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. आज आपल्याकडचा शेतकरी पैसे देऊन गांडूळखत घेतो. 'निरुपयोगी' हा शब्द आपण किती घाईने वापरतो, याचा हा धडा आहे. पुष्कळदा त्याचा खरा अर्थ 'मी अजून पाहिलेले नाही' एवढाच असतो.

पण मला येथे थांबता येत नाही. कारण मग असे वाटेल की जे पुढेमागे उपयोगी ठरेल तेवढेच राखावे. कासवाचे काय? व्हाइटलाही हा प्रश्न पडला. आयुष्याचा मोठा भाग जो प्राणी गुंगीत घालवतो, त्याला देवाने इतके लांब आयुष्य का बहाल करावे, याचे त्याने नवल केले. त्याला उत्तर मिळाले नाही. पण त्याने कासवाला बागेतून काढलेही नाही. त्याच्यामागून ते साधारण वर्षभर त्या बागेत जगले.

ईयोबाच्या ग्रंथात देव वावटळीतून बोलतो (अध्याय 38 ते 41), तेव्हा तो ईयोबाला नांगराच्या बैलाविषयी किंवा दुभत्या गाईविषयी विचारत नाही. तो रानशेळ्यांविषयी विचारतो, रानगाढवाविषयी, वेड्यासारखी अंडी वाळूत टाकून जाणाऱ्या शहामृगाविषयी विचारतो. मनुष्याला ज्यांचा काडीचा उपयोग नाही असे प्राणी देव एकामागून एक पुढे करतो, आणि त्यांत त्याला आनंद आहे असे दिसते. हे ऐकून ईयोब तोंडावर हात ठेवतो. मलाही तेच योग्य वाटते.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. माणसे उपाशी असताना पाखरांकडे लक्ष देणे हा गुन्हा आहे काय? व्हाइटवरही हा आरोप करता येईल. त्याच्या हयातीत अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध झाले, फ्रान्सची राज्यक्रांती झाली, आणि त्याचे पुस्तक पाकोळ्यांचे हिशेब मांडीत बसले.

पण त्याच पुस्तकात 1775 च्या सुमाराचे एक पत्र आहे. त्यात गावातले गरीब लोक दिवा कसा लावतात याचे वर्णन आहे. पाणथळीतले लव्हाळे आणायचे, त्यांची साल सोलायची, आधारापुरती एक पट्टी ठेवायची, वाळवायचे आणि तापलेल्या चरबीत बुडवायचे. व्हाइटने घड्याळ लावून पाहिले. दोन फूट साडेचार इंचांची एक काडी 57 मिनिटे जळाली. हिशेब करून त्याने दाखवले की एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, गरीब कुटुंबाला साडेपाच तास उजेड मिळतो. जे अतिशय गरीब आहेत ते मात्र रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती घेतात. त्यांच्या वारा येणाऱ्या खोलीत ती जेमतेम दोन तास जळते. तेवढ्याच पैशांत त्यांना अकरा तास उजेड मिळाला असता. ज्याने घड्याळ लावून घुबडाच्या फेऱ्या मोजल्या, त्यानेच घड्याळ लावून गरिबाचा दिवा मोजला. पाहण्याची सवय एकच आहे. ती पाखरांवर खर्च झाली म्हणून माणसांसाठी कमी पडत नाही. उलट माझा अनुभव असा, की ज्या दिवशी मी घरटी पाहिली नाहीत, त्या दिवशी शिडीवरच्या रंगाऱ्याकडेही मी पाहिले नव्हते. तो शिडीवर चढण्यापूर्वी जेवला होता की नाही, हे मला आज सांगता येणार नाही.

शास्त्रही या दोघांची फारकत करत नाही. निर्गम 23:11 मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीत ठेवण्याची आज्ञा आहे. कशासाठी? लोकांतल्या गरिबांनी खावे, आणि त्यांच्यामागे राहील ते रानातल्या पशूंनी खावे. एकाच वचनात गरीब आणि रानपशू. योनाच्या पुस्तकाच्या शेवटी निनवेची दया का करू नये असे देव विचारतो, तेव्हा तो तेथील असंख्य माणसांबरोबर गुराढोरांचाही उल्लेख करतो. आणि व्हाइटच्या पाकोळ्यांनी घरटी कोठे केली होती? निम्मी मंदिरात, निम्मी गावातल्या सर्वांत गरीब झोपड्यांत. श्रीमंतांच्या घट्ट बांधलेल्या घरांत त्यांना फट मिळत नसावी.

आता इंग्लंडात तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली आहे. तेथील पाखरांच्या धोक्याच्या यादीत डिसेंबर 2021 मध्ये पाकोळी तांबड्या वर्गात गेली. जुनी घरे दुरुस्त होताना भिंतींच्या फटी बुजवल्या जातात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. कोणी पाकोळ्यांचा द्वेष केला नाही. लोकांनी फक्त आपापली घरे नीटनेटकी केली. सेल्बर्नच्या मंदिराच्या आवारात व्हाइटने 23 फूट घेर मोजलेला यू वृक्ष 1990 च्या जानेवारीत वादळाने पडला. वादळाला आपण दोष देत नाही. पण फटी बुजवणे हे वादळ नव्हे.

तेव्हा, बाग राखायची ती कोणापासून, या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर हे: आपल्यापासून. आपल्या घाईपासून, आपल्या न पाहण्यापासून. अनुवाद 22:6-7 मध्ये घरट्याविषयी आज्ञा आहे. वाटेत घरटे सापडले तर पिले घ्यावी, पण आईला जाऊ द्यावे. देवाने घेऊ नको असे म्हटले नाही. घेण्याला मर्यादा घातली. मशागतीला राखणीची वेसण घातली. मंदिराला रंग देऊ नये असे मी म्हणत नाही. आमची घरटी आधी कोणी पाहून घेतली असती, तर काम पिले उडून जाईपर्यंत थांबवता आले असते आणि पायऱ्यांवर कमानीखाली एक फळी ठोकता आली असती. खर्च फळीएवढाच. वर्धापनदिन तर दरवर्षी येतो.

आमच्या कमिटीने आता तसा ठराव केला आहे. कमानीत लाकडाच्या खोबणीही बसवल्या. पण पाकोळ्या अजून परत आलेल्या नाहीत. व्हाइटने एकदा रानातले किडे आपल्या हिरवळीवर वसवण्यासाठी उतारावर खोल भोके पाडली होती. ते काही दिवस राहिले, चरले, गायिले, आणि हळूहळू निघून गेले. घालवायला एक शब्द पुरतो, बोलवायला भोके पुरत नाहीत.

स्तोत्र 84 मध्ये चिमणीला आणि निळवीला परमेश्वराच्या वेदीजवळ ठिकाण मिळाल्याबद्दल गाणारा हेवा करतो. ते स्तोत्र आमच्या उपासनेत वाचले गेले की मी कमानीकडे पाहतो. प्रिय वाचकहो, तुमच्या मंदिराच्या वळचणीला, शाळेच्या व्हरांड्यात, घरामागच्या चार वाफ्यांत कोण राहते, हे या आठवड्यात एकदा पाहून घ्या. एक वही करा आणि तारीख घालून लिहा. रंगारी शिडी लावण्यापूर्वी पाहा. आणि शिडी धरून उभ्या असलेल्या मनुष्याकडेही पाहा.